दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी

मणक्याचं ऑपरेशन होऊन वर्ष-दोन वर्षं उलटतात आणि दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. मग घरात मतं फुटतात. कुणी म्हणतं, आता पुन्हा चिरफाड नको, आहे ते सोसू. कुणी म्हणतं, पहिल्या वेळी काहीतरी राहून गेलं असणार, मुंबईच्या मोठ्या सर्जनला दाखवू. अलीकडे तिसरं एक मतही कानावर येतं: पाठीत मशीन बसवतात म्हणे, त्याने दुखणं जाणवतच नाही. तिन्ही मतं मायेपोटी दिलेली असतात आणि तिन्ही बहुधा ऐकीव माहितीवर उभी असतात. हे पुस्तक त्या रुग्णासाठी आणि त्याच्यासोबत निर्णय घ्यायला बसलेल्या घरच्यांसाठी आहे.

जुनाट पाठदुखीत आणि पायात उतरणाऱ्या कळेत शस्त्रक्रिया कधी करावी, शरीरात बसवायच्या यंत्राचा विचार कधी करावा आणि दोन्हींपासून लांब कधी राहावं, हा या पुस्तकाचा विषय. त्यात माझं म्हणणं एकच आहे. पहिल्यापेक्षा दुसऱ्या शस्त्रक्रियेचा निर्णय कितीतरी जड असतो आणि आपल्याकडे नेमका तोच घाईने घेतला जातो. पुढची सगळी प्रकरणं या एका मुद्द्याभोवती फिरतात.

आधी माझी बाजू उघड करते. मी भूलतज्ज्ञ आहे आणि वेदना-चिकित्सेची ओपीडी चालवते. सर्जनच्या हातात सुरी असते, माझ्या हातात सुई. पाठीत यंत्र बसवणं हा माझ्या कामाचा भाग आहे, म्हणून माझा कल यंत्राकडे असेल अशी शंका वाचकाने जरूर घ्यावी. म्हणूनच मी सुरुवात शस्त्रक्रियेच्या यशापासून करते. ते यश खरं आहे, आणि ते झाकून यंत्राची तरफदारी करणं रुग्णाशी प्रतारणा ठरेल.

पायात उतरणारी ही कळ, म्हणजे सायटिका, माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे, पण तिचं एक मोठं कारण मणक्यांमधली चकती आहे हे ठसठशीतपणे मांडलं गेलं १९३४ मध्ये. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी त्या वर्षी दाखवून दिलं, की नसेवर दाबणारे जे तुकडे तोवर गाठी समजून काढले जात होते, त्यांतले बरेचसे फुटून बाहेर आलेल्या चकतीचे होते. तुकडा निघाला की पायातली कळ थांबत होती. तिथून चकतीच्या शस्त्रक्रियांचं युग सुरू झालं. आज तेच काम मायक्रोस्कोपखाली लहानशा छेदातून होतं आणि रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी वॉर्डात फिरतो.

ही शस्त्रक्रिया केव्हा करावी, यावर चांगला प्रकाश टाकणारा एक अभ्यास नेदरलँड्समध्ये झाला आणि २००७ साली प्रसिद्ध झाला. दीड ते तीन महिने तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्याला औषधं देऊन थांबायला सांगायचं आणि अगदीच निभेना तर मग शस्त्रक्रिया. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर गेली, यात वाद नाही. पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांतल्या साधारण ९५ टक्के लोकांनी बरं वाटत असल्याचं सांगितलं. थांबलेल्या गटातल्या ३९ टक्के रुग्णांना शेवटी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. बाकीच्यांना लागली नाही. उलट कळ चार महिन्यांहून जास्त रेंगाळली असेल तर काय, याचं उत्तर कॅनडातल्या २०२० च्या एका अभ्यासाने दिलं: १२८ रुग्णांमध्ये सहा महिन्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांच्या पायातलं दुखणं दहापैकी २.८ वर आलेलं होतं, न झालेल्यांचं ५.२ वर होतं. म्हणजे पहिले काही आठवडे धीर धरण्यात तोटा नाही, आणि धीर धरूनही नस मोकळी होत नसेल तर सर्जनला टाळण्यात शहाणपण नाही.

काही वेळा मात्र धीर धरायचाच नसतो. लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, शौचाच्या जागेभोवती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर तो आणीबाणीचा प्रसंग आहे. तिथे तास मोजायचे असतात. आपल्या देशात आणखी एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे मणक्याचा क्षयरोग. संध्याकाळी बारीक ताप, घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, अशी लक्षणं असली तर आधी तपास त्याचा. तिथे मुख्य उपचार औषधांचा असतो आणि शस्त्रक्रिया लागतेच असं नाही. या पुस्तकातला बाकीचा सगळा मजकूर असे आजार बाजूला काढल्यानंतर उरणाऱ्या दुखण्याबद्दल आहे.

ओपीडीत रुग्ण आत येतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा एमआरआयच्या फिल्मचा मोठा लिफाफा असतो. खुर्चीत टेकायच्या आधीच तो पुढे होतो. ‘मॅडम, चौथ्या-पाचव्यात गॅप आलाय. नस दबलीय.’ मी फिल्म टेबलावर ठेवते आणि म्हणते, ‘काका, फोटो नंतर बघू. दुखतं कुठे ते हात लावून दाखवा.’ हे दाखवणं बघण्यासारखं असतं. काही जण पूर्ण तळवा कमरेवर आडवा फिरवतात, पट्ट्याच्या रेषेत, या कुशीपासून त्या कुशीपर्यंत. काही जण एकच बोट घेतात आणि कुल्ल्यापासून मांडीच्या बाजूने, पोटरीच्या बाहेरून, पायाच्या अंगठ्यापर्यंत एक रेघ ओढतात. ही रेघ ओढणाऱ्याची एखादी नस खरोखर बोलत असते आणि कोणती नस, हेही त्या बोटावरून बऱ्याचदा कळतं. तळवा फिरवणाऱ्याचं दुखणं तितकंच खरं आणि कित्येकदा जास्त त्रासदायक असतं, पण त्यासाठी काढून टाकण्यासारखी एखादी गोष्ट पाठीत सापडेल याची खात्री फार कमी.

फिल्म आधी पाहिली की हा फरक पुसला जातो. १९९४ साली अमेरिकेत पाठीचा कसलाही त्रास नसलेल्या ९८ लोकांचे एमआरआय काढले गेले. त्यांतल्या ५२ टक्के लोकांची किमान एक चकती फुगलेली निघाली आणि २७ टक्के लोकांच्या चकतीचा भाग स्पष्टपणे बाहेर आलेला निघाला. सगळ्या चकत्या व्यवस्थित असलेले लोक जेमतेम ३६ टक्के भरले. हे सगळे लोक मजेत हिंडत-फिरत होते. वयाबरोबर केस पिकतात तशा चकत्याही झिजतात. म्हणून फिल्मवर दिसलेली झीज हेच दुखण्याचं कारण, असं गृहीत धरून केलेलं ऑपरेशन कागदावर यशस्वी होतं आणि माणूस मात्र तसाच कळवळत राहतो.

मणके स्क्रू आणि सळ्यांनी एकमेकांना जोडण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे लोक ज्याला ‘प्लेट टाकली’ म्हणतात ती, इथेच वादात येते. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत काम केलेले न्यूरोसर्जन डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी पाठीमागून मणके जोडण्याची ‘प्लिफ’ पद्धत आपल्याकडे रुजवली. मणका घसरलेला असेल, अपघाताने मोडला असेल, संसर्गाने खचला असेल, तर अशा जोडणीला पर्याय नसतो. प्रश्न येतो तो केवळ झिजलेल्या, दुखऱ्या कमरेसाठी ती केली जाते तेव्हा. ब्रिटनमध्ये ३४९ रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्यांचे मणके जोडले आणि निम्म्यांना तीन आठवड्यांचा व्यायामाचा, समजुतीचा आणि भीती घालवण्याचा भरगच्च कार्यक्रम दिला. दोन वर्षांनी दोन्ही गट सुधारले होते आणि शस्त्रक्रियेच्या बाजूने दिसलेला फरक इतका थोडा होता, की तिचे धोके आणि खर्च पाहता ती सरस ठरली असं म्हणता येईना. कण्यातला मार्ग अरुंद झालेल्या २४७ रुग्णांच्या २०१६ च्या स्वीडिश अभ्यासात मार्ग मोकळा करण्याच्या जोडीला मणके जोडल्याने अधिक काही पदरात पडलं नाही. तरीही अमेरिकेत सरकारी विम्याखालच्या वयस्क रुग्णांमध्ये अशा गुंतागुंतीच्या जोडणीचं प्रमाण २००२ मध्ये लाखामागे १.३ होतं, ते २००७ मध्ये १९.९ वर गेलं. पाच वर्षांत लोकांचे मणके पंधरा पटींनी बिघडले नव्हते. साधनं वाढली होती, त्यांची विक्री वाढली होती आणि मोठं ऑपरेशन म्हणजे चांगलं ऑपरेशन ही समजूत रुजली होती. मला याचा राग येतो, आणि तो या पुस्तकात जागोजागी दिसेल.

आता दुसऱ्या शस्त्रक्रियेकडे वळू. पहिल्यानंतर दुखणं राहण्याची किंवा परतण्याची कारणं वेगवेगळी असतात. चकतीचा नवा तुकडा त्याच जागी बाहेर येतो. वरच्या किंवा खालच्या मणक्यावर ताण येतो. स्क्रू सैल होतो. अशा कारणांवर पुन्हा शस्त्रक्रिया करणं रास्त आहे, कारण तिथे दुरुस्त करण्यासारखं काहीतरी हाताला लागतं. पण नस बराच काळ दाबलेली राहिली असेल किंवा तिच्याभोवती व्रणाची जाळी जमली असेल, तर नस मोकळी झाल्यावरही ती शांत होत नाही. ती स्वतःच दुखण्याचं उगमस्थान बनते. पायाची आग होते, शॉक बसल्यासारखी चमक निघते, साधा पायमोजाही सहन होत नाही. मज्जारज्जूतल्या पेशी हलक्या संदेशांनाही मोठ्याने उत्तर द्यायला शिकलेल्या असतात. या दुखण्यावर सुरी चालवायला जागाच नसते. व्रण काढायला गेलं की नवा व्रण तयार होतो.

यंत्राची कल्पना या ठिकाणी जन्मली. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक सिद्धान्त मांडला. वेदनेचा संदेश मेंदूकडे सरळ धावत नाही, मज्जारज्जूत शिरताना त्याला एक दार लागतं आणि स्पर्शाचे जाड तंतू चेतवले तर ते दार काही अंशी लोटलं जातं, असा त्याचा गाभा. ठेच लागल्यावर आपण अंगठा चोळतो, त्यामागे हेच आहे. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, अमेरिकन न्यूरोसर्जन नॉर्मन शीली यांनी कर्करोगाच्या वेदनांनी तळमळणाऱ्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूपाशी विजेचा इलेक्ट्रोड बसवला. हे पहिलं रोपण. आज आपण ज्याला स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर म्हणतो, त्याची मुळं तिथपर्यंत जातात. दाराचा सिद्धान्त पुढे बराच सुधारावा लागला आणि हे यंत्र नेमकं कसं काम करतं याचं संपूर्ण उत्तर अजूनही हाती नाही, पण दिशा त्याने दिली.

यंत्र साधं आहे. शेवयांसारख्या बारीक एक-दोन तारा मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत सरकवायच्या आणि कुल्ल्याच्या वरच्या भागात किंवा पोटाच्या कुशीत कातडीखाली बसवलेल्या बॅटरीला जोडायच्या. या पुस्तकात त्याची चित्रं आहेत. मी इथे सांगते ते चाचणीचं, कारण शस्त्रक्रिया आणि यंत्र यांतला सर्वांत मोठा फरक तिच्यात आहे.

एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले एक काका. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आधी चकती काढलेली, नंतर स्क्रू घातलेले, आणि आता डाव्या पायाची आग. तिसऱ्या ऑपरेशनचा सल्ला मिळालेला होता, पण नव्या एमआरआयमध्ये नसेवर दाब कुठेच दिसत नव्हता. चाचणीसाठी त्यांना पालथं झोपवलं, पोटाखाली उशी दिली. संपूर्ण भूल द्यायची नसते, रुग्ण बोलता हवा असतो. कमरेच्या वरच्या अंगाला जागा बधिर करून, सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बघत, सुईतून तार वर सरकवत नेली, छातीमागच्या आठव्या-नवव्या मणक्यापर्यंत. कमरेचं आणि पायाचं दुखणं असताना तार एवढ्या वर का, असं रुग्ण हमखास विचारतात. पायाकडून आलेले तंतू मज्जारज्जूत तिथपर्यंत चढलेले असतात, म्हणून. मग यंत्र हळूहळू सुरू केलं. ‘काका, मुंग्या कुठे येतायत?’ ‘बरगडीत येतायत, मॅडम.’ तार जराशी खाली घेतली. ‘आता?’ ‘आता मांडीत.’ पुन्हा तसूभर हलवली. थोडा वेळ ते गप्प राहिले आणि मग उशीत तोंड असतानाच म्हणाले, ‘आलं. अंगठ्यापर्यंत आलं. जिथं आग होते तिथंच.’ तार टाक्याने पाठीला पक्की केली, बाहेरचं टोक पट्ट्याला अडकवलेल्या डबीला जोडलं आणि त्यांना आठवड्यासाठी घरी सोडलं. त्या दिवसांत अंघोळ नाही, अंग पुसून घ्यायचं, वाकायचं नाही, पण चालायचं भरपूर. नव्या पद्धतींत मुंग्या येतच नाहीत, त्यामुळे ही प्रश्नोत्तरंही कमी झाली आहेत. चाचणीचं तत्त्व मात्र तेच.

काकांचा फायदा स्पष्ट होता. रात्री सलग झोप लागली, रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन यायला लागले. कमरेतला आखडलेपणा जसाच्या तसा राहिला, तो जाणार नाही हे आधीच सांगितलं होतं. त्यांनी यंत्र बसवून घेतलं. त्याच सुमारास एका मावशींची चाचणी केली. आठवडाभराने त्या आल्या आणि म्हणाल्या, ‘थोडं बरं वाटल्यासारखं वाटतं, पण नक्की सांगता येईना.’ नक्की सांगता येत नसेल तर यंत्र बसवायचं नसतं. ओपीडीतच टाका कापला, तार काढली, पट्टी लावली. मावशींच्या पाठीत आज सुईच्या खुणेखेरीज काही नाही. ही मुभा सुरीजवळ नाही. जोडलेला मणका आठवडाभर वापरून बघता येत नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांना पत्र पाठवून बजावलं होतं, की कायमचं यंत्र बसवण्याआधी चाचणी घ्या आणि तिचा फायदा दिसला तरच पुढे जा. असं बजावावं लागलं, यावरून घाई फक्त शस्त्रक्रियागृहात होत नाही हे लक्षात यावं.

दुसरी शस्त्रक्रिया की यंत्र, ही थेट तुलना करणारा अभ्यास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रिचर्ड नॉर्थ यांनी केला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. पाठपुराव्यात ४५ रुग्ण होते, त्यामुळे तो लहान आहे हे मान्य. साधारण तीन वर्षांनी यंत्र बसवलेल्या १९ पैकी ९ जणांचं दुखणं निम्म्याने किंवा अधिक कमी झालेलं होतं आणि ते समाधानी होते. पुन्हा शस्त्रक्रिया झालेल्या २६ पैकी असे ३ होते. शिवाय रुग्णांना दुसऱ्या उपचाराकडे जाण्याची मोकळीक होती. शस्त्रक्रियेच्या गटातले २६ पैकी १४ जण यंत्राकडे वळले, सुरुवातीला यंत्राच्या गटात नेमलेल्या २४ पैकी ५ शस्त्रक्रियेकडे. मी हे आकडे रुग्णाला सांगते तेव्हा दोन्ही बाजू सांगते: यंत्र सरस ठरलं, आणि तरी यंत्राच्याही निम्म्याहून जास्त रुग्णांना हवा तसा आराम मिळाला नाही. २००७ मध्ये आलेल्या, शंभर रुग्णांच्या ‘प्रोसेस’ या अभ्यासात सहा महिन्यांनी यंत्राच्या गटातल्या ४८ टक्के रुग्णांच्या पायातलं दुखणं निम्म्यावर आलं, नुसत्या औषधोपचाराच्या गटात ९ टक्क्यांचं. पण वर्षभरात ३२ टक्के रुग्णांना तार सरकणं, जंतुसंसर्ग, जागेवर दुखणं अशा यंत्राच्या तक्रारींना तोंड द्यावं लागलं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००८ मध्ये नसांच्या जुनाट वेदनेसाठी यंत्राला मान्यता दिली तीही अटींसह: दुखणं किमान सहा महिन्यांचं, बाकीचे उपचार करून झालेले आणि चाचणी यशस्वी.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर या पुस्तकाची लांबी निम्मी झाली असती. पण २०२२ साली नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमहून एक अभ्यास आला आणि आम्हा वेदना-चिकित्सकांची झोप उडाली. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायातली कळ राहिलेल्या, चाचणीत फायदा दिसलेल्या ५० रुग्णांना यंत्र बसवलं आणि आळीपाळीने तीन-तीन महिने ते कधी चालू, कधी बंद ठेवलं. वीज मुंग्या येणार नाहीत इतकी सौम्य होती, त्यामुळे यंत्र चालू आहे की बंद, हे रुग्णाला कळत नव्हतं. दैनंदिन हालचालींतल्या अडचणीचा शंभरपैकी मोजलेला आकडा यंत्र चालू असताना १०.६ ने सुधारला. बंद असताना ९.३ ने. फरक नगण्य. वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्याने १३ अभ्यासांतले ६९९ रुग्ण एकत्र पाहिले आणि कंबरदुखीत या यंत्राचा टिकाऊ फायदा होतो असं म्हणायला पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष काढला.

यावर माझ्या क्षेत्रातल्या अनेकांनी हरकती घेतल्या. नॉर्वेच्या अभ्यासात विजेची एकच विशिष्ट पद्धत वापरली होती, ती बसवण्याची रीत नेहमीची नव्हती, कॉक्रेनने वेगवेगळ्या प्रकारचं दुखणं एका पारड्यात टाकलं, वगैरे. त्यांतल्या काही हरकती मला पटतात. पण आशेचा भाग किती मोठा असतो, ही गोष्ट त्या अभ्यासाने ढळढळीत दाखवली आणि तिच्याकडे डोळेझाक करणं मला मान्य नाही. बंद यंत्रानेही रुग्ण सुधारले, याचा अर्थ त्यांचं दुखणं खोटं होतं असा मुळीच नाही. कुणीतरी लक्ष देतंय, काहीतरी केलं गेलंय, या जाणिवेने मेंदूची वेदना झेलण्याची ताकद खरोखर बदलते. हेच माप सुरीलाही लावावं लागेल, कारण मणक्याच्या बहुतेक शस्त्रक्रियांची लुटुपुटूच्या शस्त्रक्रियेशी तुलना झालेलीच नाही. जिथे झाली तिथे धक्के बसले. खचलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याच्या उपचाराची २००९ मध्ये अशी तुलना झाली, तेव्हा तो बनावट उपचारापेक्षा सरस ठरला नाही.

दुसरं यंत्र म्हणजे औषधाचा पंप. पोटाच्या कातडीखाली बसवलेली चपटी डबी आणि तिच्यातून निघून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात उघडणारी नळी. मॉर्फिन थेट तिथे पोचतं, त्यामुळे तोंडाने लागणाऱ्या मात्रेचा साधारण तीनशेवा भाग पुरतो. कर्करोगाच्या वेदनांत मी या पंपाचे उपकार पाहिले आहेत. जुनाट पाठदुखीत मात्र मी तो फार क्वचित सुचवते. दर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पंप पुन्हा भरावा लागतो, नळीच्या टोकाशी गाठ धरू शकते, आणि भरण्यात खंड पडला तर औषध अचानक तुटल्याने जीवावर बेतू शकतं. रुग्ण गडचिरोलीच्या टोकाला राहत असेल आणि पंप भरणारं केंद्र नागपुरात असेल, तर पावसाळ्यातल्या पुराचाही हिशेब निर्णयात धरावा लागतो.

पैशाचं बोलायलाच हवं. स्टिम्युलेटरची किंमत लाखांत जाते. मोठ्या शहरांत शिकून आलेले मुलगे-मुली आईवडिलांसाठी कर्ज काढायला तयार होतात, ते मी पाहते. त्यांनी यंत्राच्या किमतीसोबत आणखी काही गोष्टी विचाराव्यात. बॅटरी रिचार्ज होणारी आहे का, आणि ती चार्ज करणं आजींना एकट्याने जमेल का? न होणारी असेल तर काही वर्षांनी बदलायचा खर्च किती? पुढे एमआरआय लागला तर या यंत्रासह काढता येईल का? आणि सर्वांत महत्त्वाचं, तीन वर्षांनी विजेची मांडणी बदलावी लागली तर ती कोण करणार? आज बऱ्याच ठिकाणी हे काम कंपनीचा माणूस येऊन करतो. तो माणूस नोकरी बदलतो, कंपनी तो प्रकार बंद करते, आणि रुग्णाच्या पाठीत मुकं यंत्र राहतं. उपचाराची जबाबदारी रुग्णालयाने घेतली आहे की विक्रेत्याने, हे आधी लेखी विचारून घ्यायला कुणी संकोचू नये.

फिजिओथेरपीचं नाव काढलं की रुग्णांचे चेहरे पडतात. ‘ते सगळं करून झालंय, मॅडम.’ विचारलं की कळतं, दहा दिवस शेक आणि ट्रॅक्शन झालेलं असतं, पट्टा बांधलेला असतो, आणि ‘वाकू नका, वजन उचलू नका’ एवढं ऐकलेलं असतं. ब्रिटनच्या अभ्यासात मणके जोडण्याच्या तोडीस तोड ठरलेला कार्यक्रम हा नव्हे. तो रोज, दिवसाचे कित्येक तास, हळूहळू वाकायला आणि उचलायलाच शिकवणारा होता. आपल्याकडे तो मिळणं स्क्रू मिळण्यापेक्षा अवघड आहे, ही खंत मी इथे नोंदवते. तळवा फिरवून कंबर दाखवणाऱ्या रुग्णासाठी माझं पहिलं उत्तर तोच आहे. त्यांना मी सुरीही सुचवत नाही आणि तारही.

दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख घेऊन आलेल्या रुग्णाशी बोलताना मी सर्जनला विचारायला एकच प्रश्न देते: या वेळी तुम्ही नेमकं काय दुरुस्त करणार आहात आणि ते माझ्या दुखण्याच्या जागेशी जुळतं का? उत्तर बोट ठेवून दाखवण्यासारखं असेल, म्हणजे नवा तुकडा, सैल स्क्रू, घसरलेला मणका, तर मी स्वतः त्याला शस्त्रक्रियेला पाठवते. उत्तर ‘उघडून बघू’ असं असेल, तर थांबावं. रेघ ओढून दाखवता येणारी पायाची आग असेल, दाब कुठे नसेल, तर चाचणी घेऊन बघण्याला अर्थ आहे, वर सांगितलेले सगळे आकडे डोळ्यांसमोर ठेवून. आणि चाचणीआधी रुग्णाने स्वतः ठरवावं, की आठवड्यात काय जमलं तर मी याला यश म्हणेन: रात्रीची झोप, बाजारापर्यंत चालणं, नातवाला उचलणं, गोळ्या निम्म्यावर येणं. दहापैकी किती दुखतं, हा आकडा दुपारी एक आणि संध्याकाळी दुसरा असतो. बाजारापर्यंत चालत गेलात की नाही, हे बदलत नाही.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायलाच हवं असं नाही. पहिली शस्त्रक्रिया व्हायची असेल त्यांनी नसेच्या दुखण्यावरचं प्रकरण आधी वाचावं. दुसरीचा सल्ला मिळालेल्यांनी चाचणीच्या प्रकरणाकडे जावं आणि त्याच्या शेवटी दिलेले प्रश्न कागदावर उतरवून डॉक्टरांकडे न्यावेत. यंत्र आधीच बसलेलं आहे त्यांच्यासाठी देखभालीचं प्रकरण आहे. आणि हे वाचताना घरातल्या कुणाला कालपासून लघवी होत नसेल किंवा पाऊल लुळं पडलं असेल, तर पुस्तक मिटून त्याला आत्ताच्या आत्ता मोठ्या रुग्णालयात न्यावं.